दुसरी घंटी

धक्का तसा बारकाच होता. धाराशिवच्या चौकात सिग्नल हिरवा झाला, वृषालीनं पाय दिला आणि नागसेनची मान मागच्या उशीला जाऊन आपटली, एवढंच. मांडीवरच्या बाटलीतलं पाणी हिंदकळलं, विजारीवर ओला डाग पडला. "सॉरी हं पप्पा," वृषाली हसत म्हणाली, "जरा जास्तच दाबलं गेलं." यात सॉरी म्हणण्यासारखं काय होतं? पण नागसेनला दरदरून घाम फुटला. तीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवलेला माणूस तो, रिटायर होऊन चार वर्षं झालेली, तरी गाडी अशी झटक्यानं सुटली की त्याचं अंग आधी मागं वळायचं. कोण पडलं? आताही तो वळला. मागच्या सीटवर वृषालीचं हेल्मेट होतं आणि बायकोनं, जाईबाईनं, बांधून दिलेला डबा. कुणी पडलं नव्हतं. दोनच माणसं बसलेल्या गाडीत पडणार तरी कोण म्हणा! समोरच्या आरशाखाली त्याचा पितळी बिल्ला मागंपुढं झुलत राहिला.

तो बिल्ला वृषालीनंच लावला होता. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा, असं त्यावर कोरलेलं. कपाटात पडून होता तो तिनं पुण्याला नेला, साखळी लावली आणि ह्या राखाडी, जमिनीला टेकलेल्या गाडीत टांगला. पोरगी पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनं तपासायचं काम करायची. गाडीत चारशे घोड्यांची ताकद आहे म्हणाली होती. "चारशे?" नागसेन म्हणाला होता, "आमच्या गाडीत दीडशेबी नसतील. आन् त्यात साठ माणसं, दोन बोकडं, पाट्या, गठुडी. तुझ्या ह्या चारशे घोड्यांनी वढायचं काय, तर तू आन् तुझा मोबाईल." जाईबाई तर सकाळी उंबऱ्यातूनच म्हणाली, असल्या उनाडक्या बघायला मी न्हाय येत, तुमी बापलेकच जावा. पण डबा तिनं तिघांना पुरेल एवढा दिला होता.

शहर मागं पडलं. माळ सुरू झाला. जानेवारीचं ऊन अजून कोवळं होतं आणि लांब टेकाडांवर पवनचक्क्या फिरत होत्या, इतक्या सावकाश की फिरतायत की नुसत्या उभ्या आहेत ते कळू नये. नागसेनला झोप आल्यासारखं झालं. वृषाली बोलत होती, तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. चारशे मीटर सरळ पळायचं, पप्पा. दोन गाड्या शेजारी शेजारी. समोर दिवे लागतात, हिरवा झाला की सुटायचं. शर्यतीची चाकं वेगळी असतात, मऊ, रस्त्याला चिकटणारी. आमच्या गटाला ती चालत नाहीत. ज्या चाकांवर घरून आलात त्याच चाकांवर पळा, असा नियम. आणि ह्या साध्या चाकांवर एवढी ताकद एकदम सोडली, की चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी आडवी होते. "ताकद असून उपयोग नाही. रस्त्यानं ती घेतली पाहिजे ना! म्हणून पहिले दोन सेकंद हळू. अगदी तुमच्यासारखं सुटायचं. मी लहानपणी तुमच्या शेजारी इंजिनावर बसायचे, आठवतं? तुम्ही माझ्या हातात पाण्याचा ग्लास द्यायचात आणि गाडी काढायचात. एक थेंब सांडायचा नाही."

आठवतं म्हणजे काय! तेरपासून तुळजापुरापर्यंत बाया म्हणायच्या, नागसेनची गाडी सुटली कधी ते कळतच न्हाय. बाळंतिणी त्याची गाडी बघून चढायच्या. नवीन डायव्हर त्याच्याजवळ शिकायला यायचे, क्लच कसा सोडता मामा, म्हणून विचारायचे. तो नुसता हसायचा. कुठं शिकलात, हे मात्र तीस वर्षांत एकानंही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही नसतं. बाटली घट्ट धरून तो बाहेर बघत राहिला.

माळावर एक जुनी धावपट्टी होती. कधीकाळी विमानं उतरतील म्हणून बांधलेली, मग तिच्यावर फक्त शेरडं उतरली. आज तिथं मांडव होता, कर्णे होते, शंभर-दोनशे गाड्या आणि त्यांच्याभोवती काळे चष्मे लावलेली तरणी माणसं. बाईमाणूस गाडी घेऊन आलेली वृषाली एकटीच. तिनं गाडी रांगेत लावली, तपासणी झाली आणि ती नियम ऐकायला मांडवात गेली. रांग मुंगीच्या चालीनं पुढं सरकायची. ती नागसेनकडं किल्ली देऊन गेली होती. वाऱ्यानं धूळ उडत होती आणि गाडीची चारी चाकं पांढरट, भुरकट पडली होती. आता लेकीची गाडी एवढ्या लोकांसमोर जाणार, आणि चाकं अशी? खंडेनवमीला डेपोत गाड्या धुवायचे, झेंडूच्या माळा चढायच्या, आणि चाकांना काळं तेल डिझेलमध्ये कालवून फडक्यानं चोळायचे. नागसेनच्या घरात पूजाअर्चा नव्हती, बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती तेवढी. पण चाकांना तेल द्यायला तो सगळ्यांच्या आधी बसायचा. देव त्याचा नव्हता, चाक त्याचं होतं. काळंभोर, ओलसर, चमकणारं चाक दिसलं की त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. आज निघताना त्यानं जाईबाईच्या नकळत पिशवीत तेलाची बाटली आणि फडकं टाकलं होतंच. तो गुडघ्यावर बसला. बाजू चोळली, मग वरचा रस्त्याला लागणारा भागही, हात पोचेल तितका. रांग सरकली की गाडी थोडी पुढं घ्यायची आणि उरलेला भाग चोळायचा. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. लाल गाडी इतक्या हळू सुटते की तेल डेपोच्या दाराशीच धुळीत पुसून जातं. गुडघे कुरकुरत होते, ऊन पाठीवर होतं, आणि त्याला फार बरं वाटत होतं. वृषाली आली तेव्हा चाकं झळकत होती. तिच्या डोक्यात दिवे आणि सेकंद फिरत होते, तिनं चाकांकडं पाहिलंही नाही.

मग जे झालं ते नागसेनला एखादं चित्र कुणीतरी सावकाश उलगडावं तसं दिसलं. शेजारच्या पट्ट्यात युवराज नावाच्या तुळजापूरच्या तरुणाची लाल गाडी. दिवे लावून गाड्या सोडणारा उमरग्याकडचा महांतप्पा, हातात माईक. पिवळा, पिवळा, हिरवा. वृषालीनं पाय अगदी हळू दिला होता. हे नागसेनला बाहेरून, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कळलं. चांगली सुटणारी गाडी घसा साफ केल्यासारखी निघते, तशीच ती निघाली. आणि तरीही मागची चाकं गर्रकन फिरली. गाडीचं बूड डावीकडं गेलं, मग उजवीकडं, धुरळा उठला, आणि ती राखाडी गाडी पट्टा सोडून वाळलेल्या गवतात आडवी होऊन एका सिमेंटच्या खांबापासून वीतभर अंतरावर थांबली. लोक ओरडले. मग हसले. नागसेन धावलाच नाही. पाण्याची बाटली धरून तो उभा राहिला आणि त्याच्या नाकात डिझेलचा वास आला, स्वतःच्याच हाताचा.

गाडी परत आली. महांतप्पा माईक बाजूला धरून म्हणाला, "ताई, पाय लई जड हाय बघा तुमचा. आनखी एक फेरी हाय. पर दुसऱ्यांदा पट्टा सोडला तर वर्षभर नाव कट. इचार करा." युवराज भला पोरगा, तो काचेतून म्हणाला, "होतं ताई, पयल्यांदा सगळ्यांचंच होतं." ते समजुतीचं बोलणं वृषालीला जास्त लागलं. ती गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती स्वतःच्या उजव्या पायाकडं बघत होती, जणू तो कुणा दुसऱ्याचा पाय होता आणि चुकून तिला लागला होता. "माझाच पाय चुकला, पप्पा," ती म्हणाली. "मला वाटलं मी हळू दिलाय. मला कळतच नाही म्हणजे. वर्षभर तालीम करून मला माझा पाय कळत नाही! मी नाही देत दुसरी फेरी. नाव काढून घेते."

माझाच पाय. नागसेनला ते शब्द नवे नव्हते. तीस वर्षांपूर्वीचे असेच जानेवारीचे दिवस, बोरांचे. तेरच्या स्टँडवर गाडी उभी, कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आलेला: जाईबाईला दवाखान्यात नेलंय, मूल आडवं हाय म्हणत्यात. नागसेन बत्तीस वर्षांचा. धावत येऊन तो स्टिअरिंगमागं बसला. मागं पिराजी कंडक्टर, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. पिराजी मास्तरची एक रीत होती. घंटीची दोरी एकदा ओढायची, मग दाराकडं एक नजर टाकायची, आणि मगच दुसरी घंटी. दुसरी घंटी झाल्याशिवाय गाडी हलायची नाही, हे तर शिकाऊ डायव्हरलाही ठाऊक असतं. त्या दिवशी पहिली टण झाली आणि नागसेनचा पाय क्लचवरून उठला. गाडी उसळली. दाराशी काहीतरी दाणकन पडल्याचा आवाज आला, आणि त्यानं आरशात बघितलं तर सगळ्या रस्त्यावर बोरं. लाल, पिवळी, घरंगळत चाललेली बोरं. त्यांच्या मधोमध स्टँडवर बोरं विकणारी सारजाबाई, पाटी अजून हातात धरलेली. तिचा एक पाय पायरीवर होता तेवढ्यात गाडी सुटली होती. खुब्याचं हाड मोडलं. पिराजी धावत पुढं आला, डायव्हरमागच्या जाळीला तोंड लावून बारीक आवाजात म्हणाला, "तिचाच पाय सटकला. समद्यांनी बघितलंय. तुमी पुढं बघा, डायव्हर. पोरगा का पोरगी ते आदी बघा जाऊन." कुणीच बघितलं नव्हतं, पण जाईबाईचं ऐकून गाडीतली सगळी माणसं हळहळत होती आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सारजाबाईला त्याच गाडीत घातलं. पुढं दवाखान्यापर्यंत सारा रस्ता त्यानं गाडी कशी नेली, ते त्याला आजही आठवत नाही. एवढंच आठवतं की मागून तिचं कण्हणं यायचं, आणि प्रत्येक खड्ड्याला तो पाय असा सोडायचा जसं पायाखाली कुणाचं तरी बोट आहे.

खालच्या वॉर्डात सारजाबाई, वरच्यात जाईबाई. वृषाली जन्मली, आणि तो पेढे घेऊन खाली आला. सांगायचंच म्हणून आला होता, खरंच. सारजाबाईनं अर्धा पेढा खाल्ला, त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझाच पाय सटकला रं लेकरा. तुझी गाडी काय करंल? जा, लेकीकडं जा." तिला कुणीतरी सांगितलं होतं की तिचाच पाय सटकला, आणि तिनं ते खरं मानलं होतं. त्याला एवढं सोपं वाटलं तेव्हा. गप बसलं की झालं! आणि तो गप बसला. मग वीस वर्षं सारजाबाई काठी टेकत तेरच्या स्टँडवर बोरं विकत बसली. त्याची गाडी लागली की लंगडत खिडकीशी यायची, ओंजळभर बोरं द्यायची. तुझ्या लेकीला दे. लेक मोठी झाली का? शाळंत जाती का? येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, गाडीत चढताना बघून चढा बाई, माझा पाय सटकला तसं करू नगा. ती वारली त्या वर्षी त्याला बिल्ला मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी हळू सोडायची कला म्हणे! कला कसली, भीती होती ती. रोज सकाळी पहिल्या टणला तो क्लच आणखीच दाबून धरायचा आणि दुसऱ्या टणनंतरही तो तीन आकडे मोजायचा.

पवनचक्क्या फिरत होत्या. माळावर उन्हाच्या लाटा उठायला लागल्या होत्या आणि धावपट्टीचं दुसरं टोक पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. वृषाली मांडवाकडं निघाली होती, नाव काढायला. आणि नागसेनला स्वच्छ दिसलं, की आत्ताही काही बोलायची गरज नाही. ती फेरी देणार नाही, म्हणजे धोकाही नाही. घरी जाऊ, डबा खाऊ. तेल संध्याकाळपर्यंत धुळीत पुसून जाईल. कुणाला कधी कळायचं नाही. फक्त पोरगी आयुष्यभर आपल्या पायाकडं तशी बघेल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेल, माझाच पाय चुकला होता.

"ओ महांतप्पा!" तो ओरडला. आपला आवाज एवढा मोठा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. महांतप्पा वळला, माईक तसाच तोंडाशी. नागसेन त्याच्यापाशी गेला आणि बोलायला लागला तेव्हा त्याचं बोलणं चारी कर्ण्यांतून माळभर गेलं. "चाकाला तेल म्या लावलंय. काळं तेल आन् डिझेल. पोरीचा पाय न्हाय चुकला. तिनं बरूबर सोडली हुती गाडी."

आधी कुणाला समजलंच नाही. मग हशाचा कल्लोळ झाला. महांतप्पानं चाकावर बोट घासून नाकाला लावलं, कपाळावर हात मारला. "अवो मामा, पळायच्या गाडीला तेल कोन चोळतंय व्हय! लगीन हाय का चाकाचं?" युवराजही हसत होता. वृषाली हसत नव्हती. ती परत आली, चाकाकडं बघितलं, मग बापाकडं.

"कधी लावलं?"

"तू मांडवात हुतीस तवा. धुळीनं पांढरी पडली हुती. म्हनलं, चार लोकांत जायचंय गाडीला."

"आणि मघाशी का नाही बोललात? मी माझ्या पायाला शिव्या घालत होते आणि तुम्ही बाटली धरून उभे होतात."

"भ्यालो."

"मला? मला कशाला भ्यायचं, पप्पा?"

महांतप्पानं वीस मिनिटं दिली. पाण्याची बादली, धुण्याची पूड आणि एक काथ्याचा घासणा मिळाला. एका चाकाशी ती बसली, दुसऱ्याशी तो, आणि घासता घासता नागसेननं सगळं सांगितलं. पहिली घंटी, बोरं, पिराजी, पेढा. वर मान करून सांगणं त्याला जमलं नसतं. चाक होतं म्हणून जमलं. काळं पाणी ओघळून सिमेंटवर पसरत होतं. वृषालीचा हात एकदाही थांबला नाही. त्याचं बोलणं संपल्यावरही ती बराच वेळ घासत राहिली.

"तिला कळलं होतं?"

"न्हाय. मरस्तवर आपलाच पाय म्हनत ऱ्हायली."

"आणि मी तिची बोरं खाल्ली," वृषाली म्हणाली.

नागसेनचे डोळे भरून आले, तेलकट हातानं पुसताही येईनात. वृषाली उठली, आरशाखालचा बिल्ला काढला आणि त्याच्या ओल्या हातावर ठेवला. "हा मला नाही लावता येणार आता," ती म्हणाली. रागावून नव्हे, राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तिची मुलगी बसते ना स्टँडवर? अयोध्यामावशी?"

"बसती."

"इथून सरळ तेरला जायचं. मी गाडीतच बसणार. तुम्ही उतरायचं आणि तुम्हीच बोलायचं."

"व्हय," नागसेन म्हणाला. बादलीतलं उरलेलं पाणी त्यानं चाकावर ओतलं.

ती हेल्मेट घालून आत बसली. चाकं धुतलेली, ओली, आणि खरं सांगायचं तर दिसायला अगदी कळाहीन. युवराजची गाडी आधीच रेघेवर जाऊन उभी होती. महांतप्पानं हात केला. वृषाली हलली नाही. तिनं काच खाली घेतली आणि समोर बघतच म्हणाली, "पप्पा, घंटी द्या."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं टपावर तळहातानं एक थाप मारली. आणि हात वर तसाच राहिला. तो गाडीच्या मागं गेला, वाकून खाली बघितलं. पलीकडच्या बाजूला गेला, तिथंही बघितलं, पुढून वळसा घालून परत दाराशी आला. लोक पुन्हा हसायला लागले, महांतप्पा कर्ण्यातून म्हणाला, "मामा, आटपा की लवकर." आरशात वृषालीचे डोळे होते, दुसऱ्या थापेची वाट बघणारे. नागसेननं मनात तीन आकडे मोजले आणि दुसरी थाप दिली.

गाडी रेघेवर गेली. पिवळा, पिवळा, हिरवा. ती सुटली कधी ते त्याला कळलंच नाही. बघतो तर ती सरळ, पट्ट्याच्या मधोमध, लहान लहान होत त्या उन्हाच्या पाण्यात शिरत होती. आधी कोण पोचलं ते कर्णे सांगत होते, पण ते त्यानं ऐकलं नाही. "तुझा पाय न्हवता सटकला, सारजाआक्का," तो म्हणाला, "म्याच दुसऱ्या घंटीआदी गाडी सोडली." तेरला अयोध्येपुढं नीट बोलता यायला पाहिजे म्हणून बिल्ला मुठीत धरून त्यानं तेच पुन्हा एकदा म्हणून बघितलं.